तळ्याकाठी मुक्काम, जेवायला शहरात

आमचे हे पस्तीस वर्षं कोर्टात होते. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे घरात साधं लोणचं घालायचं ठरलं तरी आधी त्यावर हरकत निघते, मग त्या हरकतीतून पळवाट निघते, आणि दोन्ही गोष्टी हेच काढतात. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. माझ्याकडे एवढा धीर नाही. मी आधी करून मोकळी होते आणि मग बोलणी खाते.

आमची एकुलती एक लेक संभाजीनगरजवळ दिली आहे. पडेगाव ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की एक कच्चा रस्ता आत वळतो, त्याच्या शेवटी तिच्या सासरची शेती आणि शेतीला लागून एक पाझर तलाव. सगळे त्याला तळंच म्हणतात. जावई वाळूजला कंपनीत आहेत. व्याही लग्नाच्या आधीच वारले, शेती विहीणबाई बघतात. लेकीनं पुण्याच्या कंपनीची, घरून करायची नोकरी सोडली आणि दोन वर्षांपूर्वी त्या तळ्याच्या काठावर पाच तंबू उभे केले. लोक येतात, तंबूत राहतात, दिवसभर शहर बघतात आणि संध्याकाळी परत येऊन तिच्या हातचं जेवतात. नोकरी सोडली तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. आता ज्याला त्याला तिच्या तंबूंचे फोटो दाखवत सुटते.

दोघं कॉलेजात भेटलेले. ती माणसं शेतकरी, आम्ही पिढ्यान् पिढ्या कारकून, जात वेगळी. तिनं भीत भीत घरी सांगितलं तेव्हा यांनी पेपर खाली ठेवून एवढंच विचारलं, “मुलगा चांगला आहे ना? मग माझी हरकत नाही.” ज्या माणसाची लोणच्यालाही हरकत असते त्याची इथं नव्हती. त्याचा मला तेव्हाही अभिमान वाटला आणि आजही वाटतो.

पण आमच्यात एक जुना रिवाज आहे. आमच्यातच कशाला, मराठवाड्यात घरोघर होता. लेकीच्या सासरी आईबापानं जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, तिला मूल होईपर्यंत. मूल झालं की ते घर नातवंडाचं होतं, मग हक्कानं पाटावर बसायचं. आता बहुतेकांनी हे सोडून दिलं. लोक लेकीकडं महिना महिना राहतात आणि तिच्याच फ्रीजमधलं आइस्क्रीम काढून खातात. यांनी सोडलं नाही. यांच्या वडिलांनी तीन लेकींच्या बाबतीत पाळलं, म्हणून यांनी एका लेकीच्या बाबतीत पाळायचं. सात वर्षं आम्ही तिच्याकडं सकाळी जायचो आणि संध्याकाळी परतायचो. जाताना माझ्या पिशवीत डबा, थर्मास आणि पाण्याच्या दोन बाटल्या. तिच्या ओसरीवर बसून आम्ही आमच्याच दशम्या खायचो आणि ती समोर बसून बघायची. मीही खायचे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते.

आणि मूल झालं नाही. दोनदा आशा लागली, दोनदा मोडली. मग लेक आणि जावई दोघांनी बसून ठरवलं की आता पुरे, आपण दोघं आहोत तेवढे बरे आहोत. तिनं मला सांगितलं तेव्हा मी स्वैपाकघरात एकटी रडले. मग तिच्या आवाजातली सुटका आठवली आणि डोळे पुसले. यांना सांगितलं. हे “बरं” म्हणाले. आता त्या रिवाजाची मुदत कधीच संपणार नाही, हे आमच्या कायदेपंडिताच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही लगेच आलं नाही.

लेकीच्या मात्र आलं होतं. गेल्या पौषात तिचा फोन आला. “आई, या वर्षी चार दिवस या. तळ्यावर राहा आणि रोज शहर बघा. तुम्ही दोघांनी ते कधी धड बघितलंच नाही.”

“अगं, पण यांचं...”

“घरात नका राहू. तंबूत राहा. बाबांना सांग, तंबूला उंबरठा नसतो.” बापाची लेक ती. मग म्हणाली, “आई, मला एवढंच पाहिजे. बाबांनी एकदा माझ्या हातचं जेवावं. दुसरं काही मागत नाही मी.”

यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला. तंबू म्हणजे घर नव्हे, सबब मुक्कामाला हरकत नाही. मात्र स्वैपाक तिच्या सासरच्या चुलीवर होतो आणि पाणी तिच्या सासरच्या विहिरीचं आहे, सबब अन्नपाणी वर्ज्य. “मग खायचं काय?” मी विचारलं. “शहर कशाला आहे?” हे म्हणाले. अशा रीतीनं आम्ही परभणीहून निघालो. गाडीच्या मागच्या सीटवर डबाभर चिवडा आणि पाण्याचे दोन मोठे जार. तळ्याच्या काठावर राहायला जाताना घरून पाणी घेऊन निघालेली जगात आम्ही दोघंच असू.

पहिल्या दिवशी पहाटे मला थंडीनं जाग आली. तंबूच्या दाराची चेन उघडली तर तळ्यावर धुकं होतं आणि धुक्यात कुठंतरी टिटवी ओरडत होती. पलीकडं दौलताबादच्या किल्ल्याचा डोंगर नुकता दिसायला लागला होता. हे कान टोपीत झाकून घोरत होते. तंबूंपासून पन्नास पावलांवर पत्र्याची शेड, तिथं लेकीचं स्वैपाकघर. शेडमधून धूर येत होता आणि आल्याचा वास येत होता. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी गेले आणि कपभर चहा प्यायले. लेकीनं कप हातात दिला. सात वर्षांत तिच्या घरचा पहिला चहा. मी घाईघाईनं प्यायले, जीभ पोळली, तरी दुसरा कप मागितला.

“बाबा?” तिनं विचारलं.

“बघू,” मी म्हणाले.

तिनं त्या दिवशी यांच्या आवडीचे आलूचे पराठे करायला घेतले होते. साडेसातला हे उठले, आंघोळ केली, जारमधल्या पाण्यानं चूळ भरली आणि गाडीची किल्ली घेतली. “चला, नाश्त्याला.” लेक शेडच्या दारात हात पुसत उभी होती. ती हसून म्हणाली, “गुलमंडीत पोहे छान मिळतात बाबा.” मला त्या हसण्याचा राग आला. म्हणजे यांचा राग आला, पण मी नेहमीप्रमाणे गाडीत जाऊन बसले.

आता खरं सांगायचं तर शहर मला फार आवडलं. परभणीत अख्खा जन्म गेला, पण संभाजीनगर म्हणजे माझ्या लेखी बसस्टँड, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता. तिथं हिंडायला कोण गेलंय? या वेळी भुकेनं हिंडवलं. छावणीतून मिलकॉर्नर, तिथून गुलमंडी. सकाळी आठला गुलमंडीत दुकानांची अर्धी शटरं खाली, फुलवाल्या बायका टोपल्या मांडताहेत, आणि एका अरुंद हॉटेलात पोह्यांच्या परातीतून वाफा निघताहेत. पोह्यांवर शेव, वर तर्री, सोबत तळलेली मिरची. यांनी दोन प्लेट खाल्ल्या. मालक स्वतः वाढत होता. पाहुणे दिसतात म्हणून त्यानं चौकशी केली.

“कुठं उतरले साहेब?”

“पडेगावच्या पुढं. तळ्यावर, तंबूत.”

“अरे वा! मग तिथं खाना नाय देत?”

“देतात,” हे म्हणाले. “चांगलं देतात म्हणे.”

मालकानं माझ्याकडं बघितलं. मी मिरची चावली.

दुसऱ्या दिवशी कहर झाला. एक जार संपला होता आणि दुसऱ्याच्या तळाला तांब्याभर पाणी उरलं होतं. यांनी दोन्ही जार त्याच हॉटेलात नेले आणि भरून द्याल का म्हणून विचारलं. मालक कमरेवर हात ठेवून हसायला लागला. “साहब, क्या बात करते! इथं आमच्या नळाला पाणी कवा येईल त्याचा नेम नाय, आणि तुम्ही तळ्यावरून इथं पाणी भरायला आले?” शेजारच्या टेबलावरची माणसंही हसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण माणूस भला, त्यानं भरून दिले. हे जराही ओशाळले नाहीत. जार डिकीत ठेवताना मला म्हणाले, “माणसं फार चांगली आहेत इथली.”

माणसं चांगली होतीच. जेवायला दिवसातून तीनदा यायचं आणि मधल्या वेळात परत तळ्यावर जाऊन पेट्रोल जाळायचं नाही, असं ठरल्यामुळे आम्ही दिवसभर शहरातच असायचो. औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मी तासन् तास घालवले. एका बोळात हिमरू शालींचा माग बघितला. विणकरानं मला धोटा हातात धरू दिला आणि माझ्या हातून धागा तुटल्यावर “चलता है अम्मा” म्हणून जोडून घेतला. मकई दरवाजाखालून गाडी नेताना हे दर वेळी मान खाली घालायचे. गाडीला टप आहे, डोकं लागणार नाही, हे मी चारदा सांगितलं. दुपारी हिमायत बागेत झाडाखाली पेपर पसरून हे झोपायचे आणि मी बाकावर बसून पोपटांचे थवे बघायचे. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच असे कुठं हिंडलो नव्हतो. यांनी मला मावा जिलेबी घेऊन दिली आणि माझ्या हनुवटीवरचा पाक रुमालानं पुसला, भर सराफ्यात. मला गंमत वाटत होती, पण प्रत्येक घासाला मला लेक आठवायची. ती त्या वेळी कुणाला तरी वाढत असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणचक्कीला गेलो. तिथल्या प्रचंड वडाखाली बसून यांनी पिशवीतला चिवडा काढला आणि एक डाळं घशात गेलं. असे खोकायला लागले की मी घाबरले. बाटली गाडीत राहिली होती. जवळच एक म्हातारेबुवा टोप्या आणि तसबिरी घेऊन बसले होते. ते उठले, त्यांनी आपल्या सुरईतलं पाणी पेल्यात ओतून यांच्या तोंडाला लावलं. यांनी घटाघटा पेला संपवला, दुसरा मागितला.

“बडा मीठा पानी है,” हे दम खात म्हणाले. “पाणचक्कीच्या नहरीचं आहे का?”

“नहीं साहब. घर का है. सुबह बहू भर देती है.”

यांनी त्या सुनेला मनापासून आशीर्वाद दिला. मी ऐकत होते. माझ्या मनात तेव्हाच आलं होतं की आता बोलावं. पण यांचे डोळे खोकून लाल झाले होते, मला दया आली आणि वेळ गेली.

तिसऱ्या संध्याकाळी तळ्यावर हुरडा होता. नाशिकचं एक कुटुंब आलेलं, आजोबांपासून नातवापर्यंत. विहीणबाईंनी स्वतः आगटी पेटवली, कणसं भाजली, गरम गरम हातावर चोळून पाखडली. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. त्या वासानं तळ्यातले मासेसुद्धा वर आले असतील. आम्ही शहरातून जेवून आलो होतो, पण हुरड्याला पोट भरलेलं असून चालत नाही. नाशिकचे आजोबा मोठ्यानं हाका मारत होते, “अहो परभणीकर, या की!” यांनी “झालं आमचं, झालं” म्हणून हात हलवला आणि तंबूसमोर आगटीकडं पाठ करून खुर्चीत बसले. वाटीत चिवडा घेतला. तो परभणीहून आणलेला, एव्हाना सादळलेला चिवडा हे एकेक दाणा करून खात होते. जावई कंपनीतून आले, आमच्याकडं बघून न बघितल्यासारखं करून आगटीपाशी जाऊन बसले. मी मात्र उठले आणि गेले. लेकीनं माझ्या ओंजळीत हुरडा घातला तेव्हा मी मुद्दाम यांच्या समोर जाऊन खाल्ला. यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा वाटीत बघितलं.

“तू खा,” हे म्हणाले. “तुला मी कधी अडवलंय?”

अडवलं नव्हतं, हे खरंच होतं. डबा मीच भरायचे.

चौथ्या दिवशी सकाळी हे आंघोळीला गेले होते. विहीणबाई तंबूकडं आल्या. उंच, काटक बाई, डोक्यावर पदर, हाताला शेताची माती. त्या कधी रिकाम्या हातानं येत नाहीत, पण त्या दिवशी आल्या.

“काई आणलं नाय बरं का,” त्या खुर्चीवर न बसता खाली चटईवर बसत म्हणाल्या. “आणलं तरी तुमी घेनार नाय.” मग हाताची माती झटकली. “ताई, एक इचारू का? राग मानू नका.”

“विचारा ना.”

“रिवाज आमच्यात बी हाय. माझ्या बापानं बी पाळला. पन माझा बाप दारात आला अन् मी तांब्या पुढं केला की तो हात जोडायचा. डोळ्यांत पानी यायचं त्याच्या. मला कळायचं, ह्याला प्यायचंय पन ह्यो पेनार नाय. व्याहीभाऊ तसं काई करत नायत. पिशवीतली बाटली काढत्यात, टोपन उघडत्यात अन् पित्यात. सात वर्सं बघते मी.” त्यांनी पदर सारखा केला. “आमच्या हातचं तुमाला चालत नाय, असं तर नाय ना?”

मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तशी मी घाईघाईनं बोलायला लागले. “अहो ताई, छे! यांना तसलं काही नाही. जातबीत हे मानतच नाहीत. लग्नाला तरी एका शब्दानं नाही म्हणाले का? गुलमंडीत कुणाच्याही हातचं खातात. परवा पाणचक्कीवर एका मुसलमान म्हाताऱ्याच्या घरचं पाणी प्यायले, दोन पेले!”

विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी समद्यांचं चालतं,” त्या म्हणाल्या. “आमचंच नाय.”

त्या उठल्या. रागावलेल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. “सून माझी लई गुनाची हाय. ह्यावरून तिला मी कवा काई बोलले नाय. पन तुमी जेवायला गाडी काढता ना, तवा तिच्या तोंडाकडं बघवत नाय.” एवढं म्हणून त्या शेडकडं निघून गेल्या.

हे टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि नेहमीसारखी किल्ली घेतली. मी गाडीत जाऊन बसले. नगर नाका आला, छावणी गेली. गुलमंडीत पोह्यांची प्लेट यांच्यापुढं आली तेव्हा मी सगळं सांगितलं. विहीणबाईंचा शब्द न शब्द सांगितला. यांनी चमचा तोंडाकडं नेला होता, तो खाली ठेवला.

“जात?” हे म्हणाले. “मी?”

“तुम्ही. आणि मी पण. डबा मी भरत होते.”

“पण मी तर...” हे प्लेटकडं बघत म्हणाले. “आमचे वडील माझ्या थोरल्या बहिणीकडं जायचे. बैलगाडीतून दिवसभराची वाट. ती तांब्या घेऊन दारात यायची. वडील म्हणायचे, लेक दिली, आता तिच्याकडून घोटभरही घ्यायचं नाही, द्यायचंच फक्त. मला लहानपणी वाटायचं, केवढं प्रेम आहे ह्या माणसाचं. मी मान देत होतो गं. त्यांच्या घराला मान देत होतो.”

“तुम्ही दिलात. त्यांना काय पोचलं ते बघितलं का कधी?”

यांनी खाली ठेवलेला चमचा पुन्हा सरळ केला.

“आणि लेकीला काय पोचलं असेल?” आता मी थांबणार नव्हते. “मूल झालं की जेवीन, असा रिवाज आहे तुमचा. तिला मूल होणार नाही. ते तिनं ठरवून टाकलंय, दुःख करून झालंय तिचं. आणि तुम्ही दर वेळी बाटली काढून तिला तेच सांगता. मूल नाही, म्हणून पाणी नाही.”

मला वाटलं होतं हे चिडतील. हरकत घेतील. यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पोह्यांची वाफ निघून गेली, शेव मऊ पडली. मालक दुरून बघत होता. “काय झालं साहेब? आज जमले नाय का पोहे?”

“पोहे उत्तम आहेत,” हे म्हणाले आणि उठले. अख्खी प्लेट टाकून हे उठल्याचं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. मला म्हणाले, “चल.”

परत येताना यांनी गाडी तंबूंपाशी न थांबवता सरळ शेडपर्यंत नेली. दहा वाजून गेले होते. नाशिकची माणसं फर्दापूरला, अजिंठ्याच्या लेण्यांकडं निघून गेली होती. जावई कंपनीत गेलेले. शेडमध्ये लेक पातेली घासत होती आणि विहीणबाई सुपात डाळ घेऊन निवडत होत्या. यांनी चपला बाहेर काढल्या, वाकून आत गेले आणि चुलीजवळ जमिनीवरच मांडी घालून बसले.

“भूक लागली,” हे म्हणाले.

लेकीनं वळून आधी यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हाताला राख तशीच. “बाबा, पोहे नाही मिळाले का?”

“मिळाले. टाकून आलो. मला इथं जेवायचं आहे.”

चुलीत निखारे तडतडले. मग लेक एकदम घाईला आली. “आत्ता काहीच नाही शिजलेलं. दहा मिनिटं बसा, मी कणीक भिजवते, पराठे...”

“काय आहे ते वाढ.”

“रातची शिळी भाकर हाय नुसती,” विहीणबाई सूप बाजूला ठेवून उभ्या राहिल्या. “अन् ठेचा. भाऊ, पैल्यांदा जेवताय तुमी. शिळं कसं वाढावं? पुरन घालते, शेवया करते, थांबा जरा.”

यांनी बसल्या बसल्याच त्यांना हात जोडले. “ताई, पाहुण्याला पुरण घालतात. मला शिळीच वाढा. आणि माझं चुकलं. तुमच्या मनात जे आलं ते माझ्या मनात कधी नव्हतं, पण ते तुमच्या मनात आलं ही चूक माझीच.”

विहीणबाईंनी माठातून तांब्या भरला आणि यांच्यासमोर ठेवला. यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि सगळा रिकामा केला. थोडं सदऱ्यावर सांडलं.

मला वाटलं होतं, लेक रडेल. ती रडली नाही, ती रागावली. भाकरी ताटात ठेवली, ठेचा वाढला, वर कच्चं तेल घातलं, कांदा बुक्कीनं फोडला, आणि हे सगळं करता करता तिला असा राग आला की तिचा आवाज चढत गेला. “सात वर्षं, बाबा. सात वर्षं मी तुम्ही आलात की आनंदानं नाचायचं आणि तुम्ही डबा उघडला की आत जाऊन बसायचं. रोज लोकांच्या बापांना वाढते मी. काल ते नाशिकचे आजोबा म्हणाले, तुझे वडील नशीबवान आहेत. ते नशीबवान वडील तिकडं पाठ करून चिवडा खात बसले होते. काय सांगायचं मी त्यांना? आणि मला मूल झालं नाही तर मी तुमची लेक नाही का? सांगा ना! नाही का मी?”

हे मान खाली घालून चावत होते. रात्रीची भाकरी चावायला वेळ लागतो, तोंड भरलेलं होतं, त्यामुळे उत्तर द्यायची सोय नव्हती. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ताटात पडत होतं आणि ते ठेच्यामुळं आहे असं दाखवायचाही प्रयत्न यांनी केला नाही. मी मध्ये पडायला गेले. “अगं, खाऊ तरी दे त्यांना...” विहीणबाईंनी माझा हात धरून मला मागं ओढलं. “बोलू द्या तिला,” त्या हळूच म्हणाल्या.

मग ती बोललीच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून सुरुवात केली. आम्ही विसरून गेलेल्या गोष्टी तिला तारीखवार पाठ होत्या. एक भाकरी संपली. यांनी रिकामं ताट तिच्यापुढं सरकवलं. ती अजून बोलतच होती, चौथ्या वर्षापर्यंत आली होती, आणि बोलता बोलताच तिनं टोपल्यातली दुसरी भाकरी घेतली, मोडली आणि यांच्या ताटात वाढली.